शकुंतलेची अंगठी

15 ऑगस्ट जवळ आला की यवतमाळकरांना एका बातमीची हमखास भेट घडते. सारा देश स्वतंत्र झाला, पण वऱ्हाडातली एक रेल्वे अजून इंग्रजांच्याच मालकीची आहे, अशी ती बातमी. पूर्वी ती वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत येत असे. आता भ्रमणध्वनीवर येते, शेवटी तिरंगा लावून आणि ‘पुढे पाठवा’ अशी आज्ञा देऊन. वाचणाऱ्याचे रक्त क्षणभर उसळते, बोट कळीवर पडते आणि संदेश पुढच्या दहा जणांकडे रवाना होतो. त्या रेल्वेच्या भाग्यात असा वेग कधीच नव्हता!

ही रेल्वे म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे 113 किलोमीटर, आणि मूर्तिजापुरातूनच अचलपूरकडे जाणारा दुसरा फाटा. रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या मुंबईतील ब्रिटिश पेढीने हा मार्ग उभारला. 1910 साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. हेतू स्वच्छ होता. यवतमाळ-दारव्ह्याचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर, तेथून मुंबई बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचवायचा. गंमत अशी की शकुंतलेला ओढणारे बाष्पइंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच घडवलेले! कापूस तिकडे गेला आणि इंजिन इकडे आले. 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत ते या मार्गावर राबले. मग डिझेल इंजिन आले आणि धूर थोडा बदलला. चाल बदलली नाही.

त्या चालीवर जिल्ह्यात किती विनोद झाले त्याची गणती नाही. पण खरी गोष्ट विनोदाहून कमी रंजक नव्हती. स्थानकावर तिकीट विकायला बाबू नाही. गार्डच खाली उतरून तिकिटे फाडणार आणि तोच शिटी फुंकणार. रस्ता आडवा आला की गाडी थांबे. कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी गावे घेत ती निवांत यवतमाळ गाठी. स्थानकावर उशिरा पोहोचलेल्याने ‘काऊन भाऊ, गेली काय गाडी?’ असे विचारावे आणि चहावाल्याने ‘गेली न, पर दूर नसन गेली. चाला पायीपायी, भेटते पुढच्या फाटकावर,’ असे सांगावे, यात कुणाला अतिशयोक्ती वाटत नसे.

विनोद करणारे आणि तिकीट काढणारे मात्र सहसा वेगवेगळे असत. ज्याच्याकडे दुचाकी होती तो विनोद करी. ज्याला टोपलीभर भाजी, दोन लेकरे आणि म्हातारी आई घेऊन दारव्ह्याला जायचे असे, तो निमूटपणे खिडकीजवळ बसे. मोटारीच्या भाड्याच्या कितीतरी कमी पैशांत त्याचा दिवस निघे. वेळ त्याच्याकडे मुबलक होता, पैसा नव्हता. वेगाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत या माणसाचा रकाना कधीच नव्हता.

आता त्या बातमीतल्या ‘इंग्रज मालका’कडे वळू. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण काही छोटे मार्ग त्या जाळ्यातून निसटले. शकुंतला त्यांपैकी एक. सरकारने तो मार्ग कराराने चालवायचा, डबे-इंजिन-माणसे सरकारची, आणि कंपनीला मोबदला द्यायचा, अशी व्यवस्था दशकामागून दशक चालत राहिली. एवढे खरे. पण किलिक निक्सन ही पेढी मुळात ब्रिटिशांची असली, तरी स्वातंत्र्यानंतर ती भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. लंडनमध्ये कुणी गोरा साहेब दरसाल यवतमाळच्या पैशांची वाट पाहत बसला आहे, हे चित्र मोठे नाट्यमय. फक्त खरे नाही. ते खोडून काढण्याची इच्छा मात्र कुणालाच नसते. संताप असा परदेशी पत्त्यावर पाठवता आला की घरच्या कुणाला उत्तर द्यावे लागत नाही.

कालिदासाच्या शकुंतलेला दुष्यंत विसरला त्याला निदान दुर्वासांच्या शापाचे निमित्त होते. अंगठी पाण्यात पडली, माशाने गिळली, कोळ्याला सापडली आणि राजाला सगळे आठवले. वऱ्हाडच्या शकुंतलेची अंगठी कराराच्या फायलीत पडली. फायलीत मासे नसतात आणि कोळीही तिकडे फिरकत नाही! मालकी कुणाची, खर्च कुणाचा, दुरुस्ती कुणी करायची, या घोळात रूळ झिजले, पूल थकले. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, सर्वेक्षणे झाली, गाडी वाचवावी म्हणून लोकांनी सत्याग्रहही केले. आणि गेल्या दशकात शकुंतला आधी अधूनमधून, मग कायमची थांबली. ती थांबवली आपल्याच माणसांनी, आपल्याच राज्यात. त्या दिवशी तिरंगा लावलेला एकही संदेश फिरला नाही.

तसे यवतमाळला रेल्वेवाचून राहण्याचा सराव आहे. येथे ‘गाडी किती वाजताची?’ असे विचारले की उत्तर येते ते धामणगावच्या बसचे. मुंबई-नागपूर मार्गावरचे ते स्थानक हाच शहराचा खरा फलाट. 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले, 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. मधल्या सेहेचाळीस वर्षांत मराठी कविता कुठल्या कुठे गेली, पण यवतमाळला येणारे साहित्यिक दोन्ही वेळा मोठ्या रेल्वेतून दूरवर उतरून मोटारीनेच पोहोचायचे. शहराला धावपट्टीही आहे. प्रवासी विमानसेवा मात्र तेथे कधी रुजली नाही.

नवी आशा आहे ती वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या मोठ्या मार्गाची. 2009 साली तिचे भूमिपूजन झाले. 28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळातच झालेल्या समारंभात पंतप्रधानांनी तिचा पहिला टप्पा सुरू केला, वर्धा ते कळंब. कळंबला चिंतामणीचे प्राचीन देवस्थान आहे. चिंता हरणाऱ्या देवाच्या दारी गाडी आधी पोहोचली आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाची चिंता त्या दिवशी तशीच राहिली, यातला विनोद यवतमाळकरांनी ताबडतोब टिपला. पंधरा वर्षे वाट पाहिलेल्यांना तेवढा हक्क आहेच.

हा मार्ग दारव्ह्यावरून दिग्रस-पुसदकडे जायचा आहे. म्हणजे मोठी गाडी शकुंतलेच्याच गावी येणार. अशा वेळी जुन्या रुळांचे काय करायचे, हा प्रश्न भंगारवाल्यावर सोडू नये. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला 1999 साली, निलगिरीच्या गाडीला 2005 साली आणि कालका-सिमल्याच्या गाडीला 2008 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची राणीही दुरुस्त होऊन धावते. थंड हवेकडे जाणारी गाडी वारसा ठरते आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कापसाच्या रानातून जाणारी गाडी अडगळ ठरते, याचे कारण इंजिनात नाही. खिडकीशी कोण बसत होते त्यात आहे. यवतमाळपासून लाडखेडपर्यंतचा तुकडा जरी राखला, एक डबा, एक इंजिन आणि फाटकावर उतरणारा तो एक माणूस ठेवला, तरी शाळेतल्या पोरांना आपला कापूस कुठे गेला ते खिडकीतून दाखवता येईल. तिकीट गार्डनेच फाडावे. उशीर झालेल्यांनी पुढच्या फाटकावर गाठावी.