निदान दारी यावे

राधानगरी-गगनबावड्याकडून एस.टी.ने येऊन शाहूपुरीत दवाखाना शोधणारी स्त्री बहुधा रक्तस्राव सुरू झाल्यावरच आलेली असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा विलंब जीवघेणा ठरतो. आणि तो टाळण्याचा मार्ग महाराष्ट्राच्याच भूमीत सापडला आहे.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत संशोधन सुरू झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी योजलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणीविना राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. या दुसऱ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वादही झडला. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी करावयाच्या तपासणीवर भिस्त ठेवली. उस्मानाबादेत तिने मृत्यू लक्षणीय घटले नव्हते.

एचपीव्ही चाचणी महाग पडते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु नमुना गावात घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी तपासता येतो. ज्यांच्या मृत्यूंतून हे ज्ञान लाभले, त्या ग्रामीण स्त्रियांचे ऋण शोधनिबंधाने फिटणारे नाही. चाचणी आणि तिच्यामागोमाग उपचार उपकेंद्रापर्यंत पोहोचले, तरच ते फिटेल.