वाढप्याची नजर

लग्न ठरले की घरात याद्या सुरू होतात. कार्यालय, आचारी, भटजी, मांडववाला, फोटोवाला. या यादीत आता डीजेही पक्का झाला आहे. आचाऱ्याला आपण चार वेळा बोलावतो, मठ्ठ्यात आले किती घालणार इथपर्यंत चौकशी करतो. डीजेला मात्र दोनच प्रश्न विचारले जातात : ‘‘बॉक्स किती लावणार?’’ आणि ‘‘घेणार किती?’’ गाणी कोणती लावणार, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. मग हळदीच्या रात्री आजी कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसते, मावश्या-आत्या खुर्च्या मागे मागे सरकवतात आणि नाचायला उरतात ते नवऱ्यामुलाचे आठ-दहा मित्र. कार्य घरचे असते, पण घर त्यात नसते.

मला वाटते, डीजे हा पंगतीतला वाढपी आहे. चांगला वाढपी हातातल्या भांड्याकडे पाहत नाही, पानाकडे पाहतो. कोणाचे पान रिकामे आहे, कोण नुसत्या संकोचाने नको म्हणते आहे आणि कोणाला खरोखरच पुरे झाले आहे, हे त्याला न सांगता कळते. गाणी लावणाऱ्याकडेही नेमकी हीच नजर हवी. आमच्या चाळीच्या गणपतीत तबकड्या लावायचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. तेव्हापासून कोणत्याही कार्याला गेलो, की माझे लक्ष आधी गाणी लावणाऱ्या पोराकडे जाते. म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काही त्या पोरासाठी, काही यजमानांसाठी.

पहिली गोष्ट, तयारी आधी करावी. कार्याच्या आठ दिवस आधी डीजेला घरी बोलवावे, चहा द्यावा आणि घरातल्या एका तरुण व एका वडीलधाऱ्या माणसाने त्याच्याबरोबर बसून तीन याद्या कराव्यात : नक्की हवीत ती गाणी, चालतील ती आणि अजिबात नकोत ती. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची. एखादे गाणे घरातल्या गेलेल्या माणसाचे आवडते असते. ते अचानक लागले, तर आनंदाच्या वेळी डोळे भरून येतात. द्व्यर्थी गाणी मुलीच्या वडिलांसमोर नकोशी होतात. जातीच्या किंवा पुढाऱ्याच्या जयजयकाराची गाणी मांडवात खपली, तरी वरात एक वळण पुढे गेली की ऐकणारे बदलतात आणि भांडणाला निमित्त मिळते. लग्नाची वरात पोलीस ठाण्याच्या दारात थांबावी, असे कोणाला वाटेल?

दुसरी गोष्ट क्रमाची. पाहुणे येत असतात, तेव्हा त्यांना एकमेकांशी बोलायचे असते. त्या वेळी गाणे गप्पांच्या खाली असावे, वर नव्हे. सनई, संतूर, जुनी सिनेगीते तिथे शोभतात. नाच सुरू करताना सर्वांच्या ओळखीची, मध्यम लयीची, मिनिटाला शंभरेक ठोक्यांची गाणी घ्यावीत आणि मग हळूहळू १२०-१३०पर्यंत चढावे. हुकमाचे एक्के पहिल्याच डावात टाकू नयेत. २०१६ सालच्या ‘सैराट’मधले अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ पहिल्या दहा मिनिटांत लावले, तर पुढे चढायला पायरीच उरत नाही. तीन-चार जलद गाण्यांनंतर एक संथ गाणे द्यावे. तरुणांना दम घेता येतो आणि काका-काकूंना मधे यायला वाट मिळते.

तिन्ही पिढ्यांना उठवणारी गाणी आपल्याकडे आहेत. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज लाभलेले ‘मी डोलकर’ घ्या. पन्नासएक वर्षे झाली, तरी आजी, सून आणि नातू असे सगळेच त्यावर डोलतात. कोळीगीतांचा ठेका बहुधा सहाच्या मोजणीचा, हेलकावणारा असतो, तर सिनेमातली बरीचशी नाचगाणी चारच्या मोजणीची. एकातून दुसऱ्यात मधेच उडी मारली, की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. अशा वेळी पहिले गाणे पुरते संपू द्यावे, क्षणभर थांबावे किंवा ढोलकीचा एखादा तुकडा मधे टाकावा. आणि या साऱ्या वेळात नजर नाचणाऱ्यांपेक्षा कडेला उभे असलेल्यांवर ठेवावी. त्यांची बोटे, त्यांचे पाय हलू लागले, की गाण्याची निवड बरोबर आहे असे समजावे.

आता फर्माइशीकडे वळू. ही काही डीजेबरोबर आलेली गोष्ट नव्हे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि फर्माइशी पाठवणाऱ्या झुमरीतलैया या लहानशा गावाचे नाव देशभर झाले. निवेदक नावांची लांबलचक यादी आपुलकीने वाचत. पण कोणते गाणे कधी लागणार, हे आकाशवाणीच ठरवी. मैफलीतही तसेच. सकाळच्या बैठकीत कोणी मारव्याची फर्माइश केली, तर जाणता गवई हसून मान लववतो आणि तोडी गातो. मान सर्वांना द्यावा, क्रम मात्र आपल्या हाती ठेवावा. 

म्हणून फर्माइशीला तोंडावर ‘नाही’ म्हणू नये. ‘‘लिहून घेतो दादा, पुढच्या टप्प्यात बसवतो,’’ म्हणावे आणि खरोखरच कागदावर लिहावे. आपले म्हणणे लिहिले गेले, एवढ्यानेच निम्मी माणसे शांत होतात. लहान मुलाची आणि आजीची फर्माइश शक्यतो लगेच पुरवावी. ती दोघे पुन्हा मागायला येत नाहीत. एखादे गाणे मांडवाला पेलणार नसेल, तर मुखडा आणि एक अंतरा वाजवून पुढे सरकावे. नकोच्या यादीतले गाणे कोणी मागितले, तर ‘‘घरच्यांनी नको म्हटले आहे,’’ हे नम्रपणे सांगावे. आणि फर्माइशीचे पैसे कधी घेऊ नयेत. तमाशात दौलतजादा असते, तिची रीत वेगळी. मांडवात एकाची नोट घेतली, की दुसरा तिच्यावर दुप्पट नोट ठेवतो, आणि थोड्याच वेळात गाण्याचा लिलाव सुरू होतो.

शेवटची गोष्ट आवाजाची. आपल्याकडे कर्ण्यांच्या भिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत अशी, की रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने नाव कमावले ते ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे! ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते, एवढेच. कायदा बाजूला ठेवला, तरी कान आपलेच आहेत. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटे. पाहुणे तासाभराने घरी जातात. गाणी लावणारा विशीतला मुलगा मात्र हंगामात रात्रीमागून रात्री त्याच भिंतीजवळ उभा असतो. त्याने कानात बोळे घातले, तर हसू नये; उलट नसतील तर आपण आणून द्यावेत.

यजमानांचीही काही जबाबदारी आहे. डीजेशी बोलायला घरातला एकच माणूस नेमावा; बाकीच्या दादा-भाऊंचे हुकूम त्याच्यामार्फत जावेत. दारू पिऊन कोणी त्या पोराची कॉलर धरली, तर घरच्यांनी मधे पडावे. ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत आणि वरात निघण्यापूर्वी त्याला पानावर बसवावे. आपल्या घरात वाढप्यालाही शेवटच्या पंगतीत आग्रहाने वाढतात. जो सर्वांना वाढतो, त्याला उपाशी धाडायची आपली रीत नाही.

एवढे केले, तर दोन बॉक्स कमी लागतील आणि मांडवातली माणसे वाढतील. आतल्या खोलीतली आजी बाहेर येऊन बसली, तर कार्य खऱ्या अर्थाने पार पडले म्हणायचे.