निळी स्क्रीन आणि एमआयडीसीतला काटा

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. मराठीत लेख लिहायचा म्हटलं की माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचे बारा वाजतात. तरी संपादक मंडळाने "तूच लिही" असा हट्ट धरला. तेव्हा चुका त्यांच्या खात्यावर, मुद्दे माझ्या!

निळ्या स्क्रीनशी आपली सगळ्यांची ओळख फर्स्ट इयरलाच होते. टर्बो सी++! लॅबमधला संगणक नवा, विंडोज नवी आणि त्यात उघडतो तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा कंपायलर. हे चालतं कसं? टर्बो १६ बिटचा आहे आणि ६४ बिटच्या विंडोजला १६ बिटचे प्रोग्राम चालवता येत नाहीत. म्हणून खाली गुपचूप राबत असतो डॉसबॉक्स. हा एम्युलेटर, म्हणजे प्रोसेसर, स्क्रीन, साउंड कार्ड आणि डॉससकट अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा प्रोग्राम. जुने गेम खेळता यावेत म्हणून दोन डच तरुणांनी तो बनवला, २००२ मध्ये लोकांसमोर आणला आणि सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. खरं सांगू? दोन वर्षं मी डॉसबॉक्सला टर्बोचाच एक भाग समजत होते. डोळे उघडले ते गेल्या दिवाळीत, जालन्याच्या एमआयडीसीत.

माझे पप्पा तिथे सळईच्या एका कारखान्यात काट्यावर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काटा म्हणजे ट्रकचं वजन करायचा मोठा प्लॅटफॉर्म. आत येणारं भंगार, बाहेर जाणारी सळई, सगळं काट्यावरून जातं. भरलेलं वजन वजा रिकामं वजन, की निघाली पावती. त्या केबिनमधला संगणक माझ्यापेक्षा वयाने मोठा! त्यावरचा प्रोग्राम डॉसचा. तो लिहिणाऱ्याचा फोन कित्येक वर्षांपासून बंद आणि सोर्स कोड कोणाकडेच नाही. दिवाळीच्या चार दिवस आधी हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागली.

शेठजी म्हणाले, "नवीन सिस्टीम घेऊन टाकू." पप्पा घरी येऊन गप्पच बसले. जेवताना हळूच म्हणाले, "बाळा, नवीन सिस्टीम आली की नवीन माणूसही येतो." त्या प्रोग्रामची एकेक की पप्पांच्या बोटांना पाठ आहे. माऊस मात्र अजून त्यांच्या हातात नीट बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर गेले. हार्ड डिस्क काढली, यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि आधी सगळा डेटा उतरवून घेतला. मग तोच फोल्डर डॉसबॉक्समध्ये उघडला. पहिल्याच झटक्यात ओळखीचा मेनू समोर! पप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. पण ट्रक काट्यावर उभा असूनही वजनाच्या जागी नुसतं शून्य. वजन ठरवतो तो इंडिकेटर. तो सिरियल केबलमधून आकडा पाठवतो आणि संगणक फक्त लिहून घेतो. मग दोष कुठे? केबलमध्ये, इंडिकेटरमध्ये की एम्युलेटरमध्ये?

इथे माझ्या कामी आलं ते सहावीतलं क्यूबेसिक. शाळेत आम्ही त्याची टिंगल करायचो. टेबलं छापा, गोल काढा, बस्स. पण डॉसबॉक्समध्ये क्यूबेसिक उघडून मी सात ओळी लिहिल्या. पोर्ट उघड, जे येईल ते स्क्रीनवर छाप. आधी नुसता कचरा आला, कारण वेग मी अंदाजाने ९६०० टाकला होता. पप्पा म्हणाले, "मागे स्टिकर आहे बघ." स्टिकरवर होतं २४००. आकडा बदलला आणि वजनं एकाखाली एक पडायला लागली! म्हणजे केबल ठीक, इंडिकेटरही ठीक. जुना प्रोग्राम दुसऱ्या पोर्टवर वाट बघत बसला होता आणि मी जोडलं होतं पहिल्याला. सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ बदलली, काम फत्ते.

राहिली पावती. मूळ डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही, कारण तो गेमसाठी आहे. पण कोड खुला असल्यामुळे दुसऱ्या लोकांनी त्यातूनच डॉसबॉक्स-एक्स काढला आणि त्यात प्रिंटरची सोय केली. संध्याकाळी पावती निघाली. आता दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून बघा. काट्याचा प्रोग्राम लिहिणारा गेला आणि प्रोग्राम अनाथ झाला. डॉसबॉक्सवर मात्र अनोळखी माणसं अजून काम करतायत. ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच आपण समजतो. खरा फायदा हा आहे.

आता माझं मत, जरा तिखट आहे. ज्या डॉसबॉक्समुळे पप्पांचा काटा वाचला, त्याच डॉसबॉक्सची कुबडी लावून अनेक कॉलेजांत जुनाट अभ्यासक्रम चालवला जातो. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये, आणि आपला टर्बो त्याच्याही आधीचा. काट्याचंच उदाहरण घ्या. रिकामा ट्रक १२,००० किलो, त्यात २८,००० किलो सळई. टर्बोमध्ये दोन्ही आकडे साध्या इंट मध्ये ठेवून बेरीज करा. उत्तर येतं उणे २५,५३६ किलो! कारण तिथे इंट १६ बिटचा, ३२,७६७ च्या वर जातच नाही. वर चूक झाली म्हणून चकार शब्द नाही. क्यूबेसिकमध्ये साध्या व्हेरिएबलला बरोबर ४०,००० येतात आणि मुद्दाम इंटीजर घेतलात तर तो "ओव्हरफ्लो" म्हणून तिथेच थांबतो. नवशिक्याला कोणता गुरू बरा?

बेसिक जन्मलीच नवशिक्यांसाठी. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती बनवली, सायन्स न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून. पहिला प्रोग्राम चालला १ मे १९६४ ला. म्हणजे महाराष्ट्र दिन आणि आमच्या जालना जिल्ह्याचा वाढदिवस, दोन्ही एकाच तारखेला! आज तिच्यासाठी जुना पीसीही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकचा सोर्स कोड २०२० मध्ये खुला केला. क्यूबेसिकच्या वळणाची क्यूबी६४ आजच्या विंडोजवर आणि लिनक्सवर चालते, तीही ओपन सोर्स.

काहीजण म्हणतील, "लूप सगळीकडे सारखाच, मग टर्बोने काय बिघडतं?" बिघडतं ना! कॅम्पसला आलेली कंपनी साधा आधुनिक कंपायलर देते आणि आपली बोटं आपोआप क्लियर स्क्रीन लिहायला जातात. जीसीसी फुकट आहे, खुला आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्यावरचे धडे मराठीतूनही आहेत. म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिले पंधरा दिवस बेसिकवर हात साफ करू द्या, त्यानंतर थेट जीसीसी. आणि डॉसबॉक्स मागच्या दाराने नको, एका प्रॅक्टिकलचा विषय म्हणून समोरून येऊ द्या. तो उघडून आत पीसी कसा बनवलाय ते आम्हाला बघू द्या.

काट्याचं म्हणाल तर तो अजून डॉसबॉक्स-एक्सवरच चालतोय. पण ही कायमची सोय नाही, हे मी शेठजींना स्पष्ट सांगितलंय. रोज बॅकअप घ्या आणि नवीन प्रोग्राम करून घ्याल तेव्हा सोर्स कोड आपल्याकडे ठेवा. शेठजींनी विचारलं, "मग तो लिहिणार कोण?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सध्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसते आणि ते कोणती की कधी दाबतात ते वहीत लिहून घेते.