रीलवाल्यांनो, गाडी नेऱ्यातच लावा

परवा एका रीलमध्ये आमचाच रस्ता दिसला. ड्रोन वर जातोय, खाली भाताची हिरवी खाचरं, मागे प्रबळगड आणि ढगातून डोकावणारा माथेरानचा कडा. त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘पनवेलजवळची सिक्रेट व्हॅली, जी कुणालाच माहीत नाही!’

कुणालाच म्हणजे? नेरे, मालडुंगे, देहरंग, धोदाणी आणि मधल्या सगळ्या ठाकूर-कातकरी वाड्या, एवढी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात. ती मोजलीच नाहीत का, भावा?

खाली एकाने विचारलं होतं, “नेरळ ना हे?” नाही हो. नेरळ डोंगराच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात. तिथून 1907 पासून छोटी गाडी वर जाते. आमचं नेरे अलीकडे, पनवेल तालुक्यात. सुकापूरवाले आमच्या रस्त्याला ‘माथेरान रोड’ म्हणतात खरं, पण डांबर धोदाणीला संपतं. पुढे पायवाट. त्याच वाटेने धोदाणीची माणसं भाजी, दूध घेऊन माथेरान चढतात आणि विकून परत उतरतात. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणून स्टेटस ठेवता, ती त्यांची नोकरी आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या पंधरवड्यात आमच्या शेतात लावणी चालू होती. वाडीवरच्या एक काकू रोप लावता लावता मटकन खाली बसल्या. पाय वर काढला तर चिखलासोबत रक्त. बिअरच्या बाटलीची काच. सात टाके पडले, बाकीची लावणी त्यांनी घरी बसून काढली आणि तेवढ्या दिवसांचा रोज बुडाला. भातलावणी बूट घालून होत नाही, अनवाणीच होते, हे सांगावं लागतंय याचंच नवल वाटतं. आमचं शेत गाढीच्या काठाला लागून आहे. रविवारी गाड्या थेट पात्राच्या तोंडाशी येतात, दारं उघडी, स्पीकर फुल. संध्याकाळी उरतं ते आमचं.

सगळ्या काचा मुंबईवाल्यांच्या आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्या गावच्या पोरांच्याही आहेत, आणि ती नावं मला माहीत आहेत. इथे लिहीत नाही एवढंच.

आणि पनवेलकरांनो, तुमच्यासाठी खास. ज्याला तुम्ही ‘गाढेश्वर डॅम’ म्हणता ते देहरंगचं धरण पनवेल शहराच्या पाण्यासाठी आहे. पूर्वी नगरपालिकेचं होतं, आता महापालिकेचं आहे. म्हणजे रविवारी ज्या पाण्यात तुम्ही फेस करता, चिप्सची पाकिटं सोडता, तेच सोमवारी नळाने तुमच्या घरी येतं. आमचा शाप वगैरे काही नाही, साधा पाइप आहे.

यावर उपाय काय, तर बंदी. जवळपास दर पावसाळ्यात आदेश निघतो. आधी कलम 144 असायचं, जुलै 2024 पासून 163 झालं. आकडा बदलला, बाकी तेच. बंदीमागचं कारण खोटं नाही. वर माथेरानला कोसळला की गाढी बघता बघता फुगते, आणि इथे बुडून माणसं गेली आहेत. याच डोंगररांगेत, इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री काय झालं ते विसरणारा इथे कुणी नाही. पावसातला डोंगर म्हणजे खेळ नाही.

पण बंदीने थांबतं कोण? बाइकवाली पोरं आडवाटेने घुसतातच. थांबतो तो कुटुंब घेऊन येणारा, जो रस्त्याकडेला टोपली मांडून बसलेल्या ठाकरणीकडून कंटोळी, भारंगी घेतो, टपरीवर चहा-भजी खातो आणि अंधार पडायच्या आत घरी जातो. धोका पाण्यात आहे आणि कुलूप चुलीला लागतं.

आता वर माथेरानला बघा. तुम्ही मुकाट दस्तुरीला गाडी ठेवता, पार्किंगचे पैसे देता, नगरपरिषदेचा प्रवेश कर भरता आणि बॅगा ओढत आत चालत जाता. मोटारगाडीला बंदी आहे म्हणून कुणी रडत नाही, उलट तीच मजा म्हणून फोटो टाकता. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आलात की मात्र गाडी नदीत घालायचा हक्क कुठून येतो? आम्ही पन्नासची पावती फाडली की लगेच ‘गाववाल्यांची खंडणी’! वर कर, खाली खंडणी. व्वा.

माझं म्हणणं एवढंच आहे. धरण आणि नदीपात्र पावसाळ्यात बंद राहू द्या, पक्कं बंद, साहेबांच्या पाहुण्यांनाही. गावं आणि रस्ता खुला ठेवा. मोठ्या गाड्या नेऱ्यात थांबवा, पुढे एसटी आहे, रिक्षा आहेत, पाय आहेत. पार्किंगची पावती ग्रामपंचायतीची, हिशोब बोर्डावर खडूने लिहिलेला. त्या पैशातून वाडीवरची चार पोरं सुट्टीच्या दिवशी नदीकाठी शिट्टी घेऊन उभी करा. नदी कधी वाढते हे त्यांना जेवढं कळतं तेवढं बंदोबस्तावर आलेल्या हवालदाराला कळत नाही, आणि तो बिचारा तसं कबूलही करतो. प्रबळमाचीवर लोकांनी घरातच ट्रेकर्सची राहण्या-जेवणाची सोय केली, तीही कुणी शिकवायला आलं नव्हतं.

‘पैसे पंचायत खाईल,’ असं काही जण लिहिणार, मला माहीत आहे. म्हणूनच खडू आणि बोर्ड म्हणतोय. आणि सध्या काय होतंय? जागा मिळेल तिथे कुणीही दोर बांधून शंभर रुपये घेतो, पंचायतीत एक रुपया येत नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. मालडुंग्याच्या मंडळींनी तिकडे द्यावा. नेऱ्यातल्या ज्यांना पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा सभेला या. येताना काकूंना गाडीवर घेऊन या कुणीतरी. टाके निघालेत, पण अजून लंगडतायत.