‘उर्वरित’ महाराष्ट्र!

मी कोरीटचा. कोरीट नंदुरबार जिल्ह्यात आणि नंदुरबार महाराष्ट्रात. हे दुसरे मुद्दाम सांगावे लागते, कारण पुण्यामुंबईचे सद्गृहस्थ अजून विचारतात, “ते गुजरातेत ना?” अज्ञानाचा मला राग नाही. राग आहे तो हिशेबाचा.

राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ साली तीन विकास मंडळे निघाली : विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. आम्ही उर्वरितात, मुंबई-पुण्याच्या पंक्तीला! पंगत एकच, पण लाडू त्यांच्या पानात आणि सरासरी आमच्या. शेजाऱ्याच्या श्रीमंतीने आमचे दारिद्र्य झाकले. पुढे २०२० साली मंडळांची मुदतही संपली.

राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबई पहिली, ०.८४१, नंदुरबार शेवटचे, ०.६०४. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्याकडे शंभरांतले ६९ लोक आदिवासी. वाढपी कोणाचे पान चुकवतो, हे निराळे सांगायला नको. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. क्रमांक मिळाला, पत नाही.

अमेरिकेतही मॅसॅच्युसेट्स श्रीमंत आणि मिसिसिपी गरीब. पण मिसिसिपीची गरिबी न्यूयॉर्कच्या सरासरीत कोणी बुडवीत नाही.

दिवाळीला जुने कपडे वाटायला कृपा करून येऊ नका. हिशेब जिल्हावार, नव्हे तालुकावार मांडा आणि पैसा त्याप्रमाणे धाडा. दिवाणखान्यात झुंबर आणि माजघरात काळोख असताना ‘सरासरीने घरभर उजेड आहे’ म्हणणाऱ्या कारभाऱ्याला, वाचकहो, तुमच्या घरी तरी कोणी ठेवून घेईल काय?