गाडीची पाठवणी

दोस्तांनो,

मागच्या आठवड्यात साताऱ्याकडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. सातवीत आहे ती. घरची गाडी दहा वर्षांची झालीय आणि आता ती विकायचं ठरलंय. ती लिहिते, "बाई, रविवारी आम्ही सगळे मिळून गाडी धुणार आहोत. आई म्हणते, स्वच्छ गाडीला भाव चांगला येतो. दादा म्हणतो, दाराच्या खालच्या कडेला गंज आलाय त्यावर रंग मारून टाकू, घेणाऱ्याला काय कळतंय! असं चालतं का हो?"

प्रश्न मोठा नामी आहे. पण आधी आपण गाडी धुऊ या, मग दादाकडे वळू.

पाण्याला हात लावण्याआधी गाडी रिकामी करा. सीटखाली हात घातलात की खजिनाच सापडतो! नाणी, पेनांची टोपणं, गोळ्यांचे कागद, कधीचा तरी हरवलेला एक मोजा. पुढच्या कप्प्यातले कागद मात्र मोठ्यांच्या हाती द्या. त्यात बँकेच्या पावत्या असतात, पत्ते असतात. गाडीला फोन जोडत असाल तर त्यातली नावं-नंबरही पुसायला सांगा. काचेवरचा फास्टॅग बाबांच्या किंवा आईच्या खात्याला जोडलेला असतो. तो बंद करायला विसरलं, तर गाडी दुसऱ्याची आणि टोल आपला!

आता गाडी सावलीत घ्या. उन्हात का नको? तापलेल्या पत्र्यावर पाणी चटकन सुकतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, त्याचाच भाऊ हा. काचेवर असे डाग असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघतात, कारण ते क्षार आम्लात विरघळतात.

बादल्या दोन हव्यात बरं का. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. हा सोवळंओवळं पाळण्याचा प्रकार नाही. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळू. ती फडक्यात अडकली की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. आणि गाडीचा रंग किती जाड असतो, सांगा पाहू? कारखान्यात दिलेले सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थोडक्यात, तुमच्या वहीच्या एक-दोन पानांएवढा! म्हणून आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहू द्या, मग टपापासून खाली या. चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. नळी लावून ठेवू नका. उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट बघत असताना आपल्या दारातून ओघळ वाहावा, हे मला तरी बघवत नाही. तीन-चार बादल्यांत छोटी गाडी सहज होते.

कपड्यांची पावडर वापरू नका. ती मळाबरोबर गाडीवरचं मेणही काढून नेते. हो, मेण! अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळतो, ते पानावरच्या मेणामुळे आणि बारीक उंचवट्यांमुळे. मेण लावलेल्या गाडीवरही पाण्याचे असेच थेंब होतात. गंमत म्हणजे यातलं नावाजलेलं कार्नोबा मेण ताडासारख्या एका झाडाच्या पानांवरून मिळतं. ते झाड ईशान्य ब्राझीलमधलं. तिथं कोरडे दिवस फार, म्हणून पानातलं पाणी उडून जाऊ नये यासाठी झाड स्वतःच मेणाचा लेप लावून घेतं. आपण तोच लेप गाडीला लावतो!

आतली सफाई झाडू-ब्रशची. सीटला कधी दूध सांडल्याचा आंबूस वास येत असेल, तर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटकून, ओढून घ्या. आंबूसपणा आम्लाचा आणि सोडा आम्लाचा वैरी. सीट ओली केलीत तर खिडक्या उघड्या ठेवून खडखडीत वाळवा, नाहीतर कुबट वास ठरलेला. इंजिनावर मात्र पाणी मारायचं नाही. तिथं तारा असतात, बॅटरी असते. गार इंजिन मोठ्यांनी ओलसर फडक्यानं पुसलं की पुरे.

झाली गाडी लख्ख. आता या दादाकडे.

गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाण्याशी झालेला संयोग, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. हा गंज भुसभुशीत असतो. त्यावर वरवर रंग मारला तरी खाली ओल राहते आणि गंज आपलं काम चालूच ठेवतो. एखाद्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे दादाच्या रंगानं गाडी दुरुस्त होत नाही. फक्त ते बघायची पाळी दुसऱ्याच्या घरी येते.

असं झाकणं किती महागात पडू शकतं, बघा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केली की वरून झकास दिसते. पण तारांच्या जोडांत गेलेलं पाणी महिन्यांनी त्रास देतं. म्हणून जाणकार माणूस चकाकी बघतच नाही! तो सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघतो, पायाखालचा गालिचा उचलतो, सीटखालच्या स्क्रूंवर गंज शोधतो. तुमच्या घरी जुनी गाडी घ्यायची असेल, तर ही हेरगिरी तुम्ही करा.

या प्रश्नानं एका अर्थशास्त्रज्ञाला नोबेल मिळवून दिलं, खोटं वाटेल तुम्हाला. जॉर्ज अकरलॉफ त्यांचं नाव. १९७० साली त्यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारावर लेख लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. (कविता साभार परत आलेल्यांनी हे लक्षात ठेवा!) ते म्हणणं सोपं करून सांगते. समजा, चांगली गाडी तीन लाखांची आणि तशीच दिसणारी खराब गाडी एक लाखाची. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधले दोन लाख देऊ करतो. मग चांगल्या गाडीवाला म्हणतो, "छे, इतक्यात कशाला विकू?" तो निघून जातो. उरतात खराब गाड्या. घेणारे आणखी बिचकतात, भाव आणखी पडतो. लपवणारा एखादाच असतो, पण संशय सगळ्यांच्या गाडीवर घेतला जातो. अकरलॉफ यांना २००१ मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं.

तर मैत्रिणी, तुझ्या दादाला सांग, मळ हा गाडीचा नव्हे, तो खुशाल काढा. गंज गाडीचा आहे. एक तर तो गॅरेजमध्ये नीट घासून, प्रायमर लावून दुरुस्त करा आणि त्याचं बिल दाखवा, नाहीतर आहे तसा ठेवा आणि गाडी बघायला आलेल्या काकांना आपणहून दाखवा. चार पैसे कमी येतील, हे खरं. पण दहा वर्षांच्या सर्व्हिसिंगची बिलं एका फाइलीत तारखेप्रमाणे लावलीत, तर त्यातले काही परतही येतील. ही फाइल लावायचं काम तू घे. किलोमीटरचे आकडे बिलांवर लिहिलेले असतात, ते मीटरशी ताडून बघता येतात. त्यामुळे मीटर मागे फिरवला नाही, हे न बोलता कळतं.

आणि बाबांना आठवण कर, पैसे मिळाले की काम संपत नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदोपत्री गाडी तुमचीच. तोवर चौकातला दंडही तुमच्याच नावावर येईल.

गंज बघून त्या काकांनी नेमके किती कमी केले, ते मला पुढच्या पत्रात जरूर कळव.

तुमची,
बाई