नक्कल आणि छटा

‘नक्कल’ हा शब्द मराठीच्या प्राध्यापकाने उच्चारला की त्यात तुच्छता आलीच. चित्रकलेत मात्र तो इतका बदनाम नव्हता. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील विद्यार्थ्यांकडून जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्या कामात होता. आमच्याच सातारा जिल्ह्यात, औंधच्या संग्रहालयात, पाश्चात्त्य चित्रांच्या अनुकृती मानाने टांगलेल्या आहेत. व्हॅन गॉगने १८८०मध्ये शार्ल बार्गचे चित्रपाठ गिरवले हे समजण्यासारखे आहे. पण हात पुरता तयार झाल्यावर, १८८९-९०मध्येही, तो मिलेच्या चित्रांच्या कृष्णधवल छापांवरून पुन्हा चित्रे करीत होता आणि त्याला भाषांतराची उपमा देत होता.

प्रश्न आहे तो नक्कल कशाची करायची, हा. पाटण परिसरातली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात, श्रेणी मिळवतात, दहावीला वाढीव गुणही मिळतात. त्यांच्या वह्या पाहिल्या तर रेषा बहुधा नेटकी असते. मोबाइलवरच्या चित्रावर चौकटी आखून बाह्याकृती तंतोतंत उतरवलेली असते. मग शेडिंग म्हणजे कडेने पेन्सिल घासून बोटाने पुसणे!

अशा विद्यार्थ्यापुढे आम्ही आल्ब्रेख्त ड्यूररचे ‘मेलंकोलिया १’ हे १५१४मधील ताम्रमुद्राचित्र ठेवू. वीतभर उंचीचे चित्र, पण पंखधारी स्त्री, झोपलेला कुत्रा, वाळूचे घड्याळ, तराजू, घंटा, शिडी, अंकांचा चौकोन, मोठा बहुफलक दगड अशी त्यात दाटी. यात करडी शाई मुळी नाहीच. काळी शाई आणि पांढरा कागद. रेषा दाटल्या की अंधार, विरळ झाल्या की उजेड. बाह्याकृती उतरवली तर हाती लागते गालाला मूठ टेकून बसलेली एक बाई, फार तर दमलेली. छटा उतरवू लागल्यावर कळते की तिचा चेहरा सावलीत आहे आणि त्या काळोख्या चेहऱ्यात डोळ्यांचा पांढरा भाग तेवढा लखलखतो आहे. चित्राचा सगळा अर्थ त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांत आहे, आणि ते काढता येत नाहीत. कागद कोरा राखून भोवतीचा काळोख चढवावा लागतो. डोळे किलकिले करून पाहावे लागते, कारण कोणतीही छटा शेजारच्या छटेवाचून गडद नसते की फिकी नसते. हे व्याख्यानातून शिकवता येत नाही. आठवडाभर मान मोडून बसावे लागते.

आता आमच्या वर्गाकडे वळतो. ‘छटा’ हा शब्द आम्हीही रोज वापरतो, अर्थच्छटा म्हणतो. प्रत्यक्षात कवितेचा ‘आशय’ पाच ओळींत लिहा म्हणून प्रश्न काढतो, म्हणजे बाह्याकृतीलाच गुण देतो. एम.ए.ला आलेला विद्यार्थी गंगाधर गाडगीळांच्या कथेचे कथानक सांगतो. ती वाचताना नेमक्या कोणत्या वाक्याला निवेदकाचा सूर काळवंडला, हे त्याला दाखवता येत नाही. त्याने ते वाक्य हाताने कधी लिहिलेलेच नसते.

म्हणून आमची सूचना अशी की वर्षातून एकदा, निदान पदव्युत्तर वर्गात, विद्यार्थ्याने एका चांगल्या कथेची चार पाने हाताने उतरवून काढावीत आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी सूर कुठे बदलला त्याची खूण करावी. आमच्यातल्याच एका सहकाऱ्यांचा याला आक्षेप आहे: ‘कोसला’ (१९६३) नंतर पांडुरंग सांगवीकरचे किती अवतार झाले, आणखी कशाला हवेत? आक्षेप रास्त आहे. पण त्या अनुकरणकर्त्यांनी उचलली ती लकब, म्हणजे पुन्हा बाह्याकृतीच. त्या कादंबरीतल्या थट्टेखाली दुःख कसे दाटत जाते, ते फार थोड्यांना उतरवता आले.

अडचण मूल्यमापनाची आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. उतरवलेल्या चार पानांना गुण कसे द्यायचे, असे अभ्यासमंडळ विचारणारच. पानांना देऊ नयेत. समासातल्या खुणांना द्यावेत, आणि त्या तपासायच्या तर आम्हां शिक्षकांनाही तीच चार पाने आधी लिहून काढावी लागतील.